नऊ झाले, दहावा हवा

*ठाण्यातल्या बेने इस्रायली ज्येष्ठांमध्ये काम करणाऱ्या, मूळच्या वारासिवनीच्या एका कार्यकर्तीचा जानेवारीतला शुक्रवार*

पहाटे ५.४५

पहिला फोन मी करते, नौपाड्यातल्या आंटींना. पुढचे फोन माझे नाहीत. आंटी चरईतल्या अंकलना उठवतात, अंकल खोपटच्या दोघी बहिणींना, त्या राबोडीला, राबोडीहून कळव्याला. असं फिरत फिरत साखळीतला शेवटचा माणूस मला फोन करतो. एकूण चौदा घरं. नऊ घरांत एकेकटं माणूस, खोपटला त्या दोघी बहिणी, बाकीच्या घरांत नवरा-बायको. पुढची पिढी बहुतेकांची परदेशी.

साडेसहापर्यंत मला फोन आला नाही, तर कुठंतरी कडी निसटली असं समजायचं आणि शेवटाकडून मागं मागं विचारत यायचं. बहुतेक वेळा कुणीतरी आंघोळीला गेलेलं असतं, नाहीतर फोन रात्री चार्जिंगला लावायचा राहिलेला असतो. एकदा मात्र मोरीत पाय घसरून पडलेल्या आंटी या साखळीमुळेच सकाळी सातच्या आत सापडल्या.

सगळ्यांना तूच फोन केलेस तर वीस मिनिटांत उरकेल, असं मला पुष्कळ जण सुचवतात. उरकेल. पण मग चौदा घरं माझ्या फोनची वाट बघत बसतील. आत्ता प्रत्येकावर कुणाला तरी उठवायची जबाबदारी आहे. कळव्याचे अंकल साडेपाचलाच दाढी करून तयार असतात, कारण त्यांच्या पुढच्या आंटी "आज तीन मिनिटं उशीर झाला" असं ऐकवायला कमी करत नाहीत.

आज सहा वीसला फोन वाजला. "सगळे हजर आहेत गो. मनुका भिजत घातल्यास ना?"

रात्रीच घातल्या होत्या.

सकाळी ७.३०

मी ज्यू नाही. माझं माहेर वारासिवनी, जिल्हा बालाघाट. राज्य मध्य प्रदेश आणि घरातली बोली मराठी. नागपूरला समाजकार्य शिकले, लग्नानंतर विदर्भ एक्स्प्रेसनं ठाण्यात उतरले ती इथलीच झाले. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा गटात नोकरी मिळाली, आणि त्या गटाची माणसं बेने इस्रायली निघाली. शुक्रवार हा आमचा सर्वांत धावपळीचा वार. सगळं सूर्यास्ताच्या आत व्हावं लागतं. ते का, हे मला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं: सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, आणि मग काम बंद.

हा समाज कोकणचा. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा वंश अलिबाग-पेणकडच्या गावांत पसरला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा हा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. केहिमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावं त्याच गावांवरून आली. अठराव्या शतकात मंडळी मुंबईला येऊ लागली, पलटणीत भरती झाली, पुढं रेल्वेत, टपालात, इस्पितळांत शिरली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं शाआर हाशामाईम १८७९ चं. १९४८ च्या सुमारास देशात वीसेक हजार बेने इस्रायली होते. मग इस्रायलची वाट सुरू झाली आणि कोकणातली आडनावं दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले इथल्या दारांवर लागली. आज भारतात चार-पाच हजार माणसं उरली आहेत, त्यातली मोठी वस्ती ठाण्यात.

अमेरिकेतल्या ज्यू मंडळ्यांची एक जुनी तक्रार आहे. मुलांच्या धर्मशिक्षणासाठी आईवडील सिनेगॉगचे सभासद होतात आणि मुलं कॉलेजसाठी घराबाहेर पडली की तेही येईनासे होतात. ठाण्यात उलट आहे. आईवडील सिनेगॉगला धरून आहेत, मुलांनी देश सोडला आहे. इथं अडतं ते गुडघ्यांवर, जिन्यांवर, रिक्षावर. आणि या सगळ्याहून जास्त एका वाक्यावर: "मी नाही गेलो तर कुणाचं काय अडणार आहे?" माझी नोकरी या वाक्याला उत्तर शोधायची आहे.

सकाळी ९.१५

उथळसरला, दुसऱ्या मजल्यावर. दाराच्या उजव्या चौकटीला तिरका बसवलेला मेझुझा. आत चामड्यावर हातानं लिहिलेलं वचन असतं. घरातलं माणूस येता-जाता त्याला बोटं लावून ओठांना लावतं. चौकटीचा रंग उडालाय, पण मेझुझाभोवतीची बोटभर जागा गुळगुळीत झाली आहे.

या घरातल्या अंकलचं वय ८१. रेल्वेत गार्ड होते. मुलगा अश्दोदला, मुलगी बीरशेबाला. आंटी गेल्या दिवाळीच्या आधी गेल्या. तेव्हापासून अंकल सिनेगॉगला आलेले नाहीत. मुलानं त्यांना काही महिने तिकडं नेलंही होतं. ते परत आले. कारण विचारलं तर सांगतात, "गुडघा माझा, आणि डॉक्टरला सांगायचं त्यानं, हिब्रूत. मी नुसता मान हलवणार. असलं दुखणं मला नको."

मी गोळ्यांचा डबा भरते. सात वार, तीन खण. मंगळवार दुपारची गोळी तशीच आहे; का, ते मी विचारते. "मंगळवारी दुपारी झोप लागली. झोप औषधापेक्षा बरी." रक्तदाब वहीत लिहिते. पेन्शनच्या पासबुकातली एक नोंद त्यांना समजलेली नाही, ती बघून देते.

रविवारी ज्येष्ठांसाठी गाण्यांचा कार्यक्रम आहे, हे मी त्यांना सांगत नाही. मागच्या वेळी त्यांनी सुनावलं होतं, "टाळ्या वाजवायला बोलावता आणि केळं देऊन घरी पाठवता." खोटं नाही. हौजी, खुर्चीवरची योगासनं, मधुमेहावरचं व्याख्यान, वर्षाची सहल, सगळीकडं हे होतं, आणि येणारे तेच ते असतात. ज्यांना घराबाहेर काढायची खरी गरज असते, ते असल्या बोलावण्यानं हलत नाहीत. आयुष्यभर गाडीला हिरवा बावटा दाखवलेल्या माणसाला प्रेक्षक म्हणून बसवलं, तर तो बसणार नाही.

निघताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडं माझं लक्ष जातं. आजच्या चौकोनात दिवे लावायची वेळ छापलेली आहे, ६.१२. अंकलनी त्याच्याखाली पेन्सिलीनं बारीक खूण केली आहे. मी काही बोलत नाही.

सकाळी ११.००

नौपाड्यातल्या आंटींच्या स्वयंपाकघरात पाच जणी जमल्या आहेत. ओट्यावर स्टीलच्या पातेल्यात रात्रभर भिजलेल्या काळ्या मनुका. शब्बाथच्या किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, द्राक्षाची वाइन लागते. कोकणात ती कुठून मिळणार? म्हणून बेने इस्रायलांनी मनुकांचं शरबत धरलं, ते आजही घरोघरी चालतं.

कृती सोपी वाटते, करून बघितली की कळतं. ज्या पाण्यात भिजल्या त्याच पाण्यात मनुका हातानं कुस्करायच्या, साल सुटेपर्यंत. मिक्सर नाही, बी भरडली की रस कडवट होतो. मग पंच्यातून गाळायचं, चोथ्यावर थोडं कोमट पाणी घालून पुन्हा पिळायचं, आणि दुसरा रस पहिल्यात मिसळायचा. साखर घालायची नाही. किती दाट हवं हे सगळ्यांत थोरल्या, ८४ वर्षांच्या आंटी ठरवतात. त्या चमचा तिरका धरून थेंब कसा पडतो ते बघतात. आज बिनबियांच्या मनुका आल्या म्हणून दुकानदाराचा उद्धार झाला. आंटींची नजर अधू झाली आहे, पण रस पातळ आहे हे त्यांना थेंबाच्या आवाजावरून कळतं, असा त्यांचा दावा आहे. कुणी तो खोडून काढत नाही.

आठ बाटल्या भरल्या. एक आजच्या संध्याकाळची, बाकी घरीच किद्दुश करणाऱ्यांकडं जाणार. कुठल्या घरी कोणती बाटली, ही यादी आंटींच्या डोक्यात आहे. मी ती कागदावर उतरवायला गेले की त्यांना राग येतो.

पातेली धुऊन झाली की वह्या निघतात. या समाजाला मराठी कीर्तनाची जुनी परंपरा आहे. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायली मंडळींनी ती सुरू केली. हरिदासी कीर्तनाचा साज, साकी-दिंडीच्या चाली, आणि आख्यान मोशेचं, योसेफाचं, एस्तेर राणीचं. कथा हिब्रू बायबलातली, ताल आपल्या देवळातला. माझ्यासारख्या भजनी घरातून आलेल्या बाईला ठेका ओळखीचा, नावं तेवढी नवी. वह्या शाईच्या, कडा वाळवीनं खाल्लेल्या. खोपटच्या धाकट्या बहिणीला डोळ्यांनी वाचवत नाही, तिला सगळं पाठ आहे. थोरलीला वाचता येतं, पण चाल आठवत नाही. दोघी मिळून एक कीर्तनकार होतात. मी फोनवर रेकॉर्ड करते आणि शब्द टाइप करते.

पुढच्या आठवड्यात शेवात या हिब्रू महिन्याची पौर्णिमा. त्या दिवशी मलिदा करायचा: धुतलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळं, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा मानतात. पूर्वी मंडळी त्या दिवसांत तिथं जात, अजूनही जातात. यंदा आपणही बस करून जावं का, यावर वाद चालला आहे. गुडघे नको म्हणतात, नवस हो म्हणतो.

बोलता बोलता मी विचारते, तुम्ही सगळ्या आज येणार ना? थोरल्या आंटी हात पुसत म्हणतात, "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आम्ही बायका शंभर बसलो तरी मिन्यान होत नाही. मग आमच्याशिवाय किद्दुश तरी कसा होतो ते बघू." आणि बाटलीचं बूच घट्ट लावतात. मुंबईत बेने इस्रायली बायकांचं स्त्री मंडळ १९१३ पासून आहे. गणतीत धरलं नाही म्हणून या बायका कधी घरी बसलेल्या नाहीत.

दुपारी १.३०

जेवण आंटींकडंच. नारळाच्या दुधातली कोंबडी, भात. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून गोडही नारळाच्या दुधातच होतं. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा असाच करतात. मासळी खवल्यांची आणि परांची असली तरच. कोलंबी घरात येत नाही.

पानावरच असताना आईचा फोन.

"का करून राहिली? जेवली का?"

आई ७२ वर्षांची, वारासिवनीत एकटी. भाऊ रायपूरला, मी इकडं. आमची गल्ली विणकरांची. वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. माग मात्र पूर्वीपेक्षा कमीच वाजतात. आमचा माग बाबांबरोबर थांबला. आई शेजारच्या घरासाठी चरख्यावर कांड्या भरते. मिळणारे पैसे थोडे. ती सकाळी आठला बसते, कारण नऊला शेजारच्याला पहिली कांडी धोट्यात घालायची असते.

मी तिला ठाण्याला आणलं होतं. दोन आठवड्यांत परत गेली. आज पुन्हा विषय काढला तर म्हणाली, "तिकडच्या म्हाताऱ्यायले सांभाळून राहिली, अन् मले म्हणते तू पन ये. येऊन का करू? तुया ठान्यात मले कोनी काम सांगत नाही."

समाजकार्याच्या पुस्तकांत ज्येष्ठांच्या सहभागावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. या एका वाक्यात जे आहे ते मला तिथं सापडलं नव्हतं.

दुपारी ३.००

आता आजचं मुख्य काम: दहा पुरुष.

तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष जमले की मिन्यान होतं. नऊ असले तर प्रार्थना होते, पण काही भाग गाळावे लागतात. त्यातला एक म्हणजे कद्दीश, गेलेल्या माणसाच्या नावानं म्हणायची प्रार्थना. आज कळव्याच्या अंकलच्या आईची वर्षी आहे, हिब्रू तिथीनं. त्यांचे दोन्ही भाऊ लोदला. आईच्या नावाचा कद्दीश ठाण्यात म्हणणारे ते एकटेच, आणि त्यांना आणखी नऊ जण हवेत.

सणावाराला हा प्रश्न येत नाही. नव्या वर्षाला, उपवासाच्या मोठ्या दिवशी सगळी माणसं येतात. आज साधा शुक्रवार. राबोडीचे पक्के. चरईचे पक्के. एकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, धूळ चालत नाही. एक लेकीकडं पुण्याला. बारावीतला मुलगा येतो म्हणाला, त्याचे वडील कामावरून थेट पोचतील. सगळं जुळवून नऊ झाले.

दहावं नाव मला सकाळपासून माहीत आहे. तरी आधी मी आणखी दोन ठिकाणी विचारते, कारण माझा एक नियम आहे: नऊ नसताना नऊ सांगायचं नाही. दहा-बारा जण पक्के असताना "तुमच्यावाचून अडलंय" म्हटलं आणि माणसानं येऊन भरलेले बाक बघितले, की पुढच्या वेळी आपल्या फोनला किंमत राहत नाही. गरज खरी हवी. सुदैवानं या समाजात ती दर आठवड्याला खरी असते. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यावर चरईचे अंकल म्हणतात, "कागदावर तेव्हा आलं. आम्हाला दर शुक्रवारी कळतच होतं."

दोन्ही ठिकाणी नकार. मग उथळसरला फोन.

"अंकल, आज नऊ आहेत. कळव्याच्या अंकलच्या आईची वर्षी आहे."

बराच वेळ काही नाही. मग, "राबोडीचा धरलास का त्यात? तो पावसात येत नाही."

"अंकल, जानेवारी आहे."

"हां. मग येईल." पुन्हा शांतता. "त्याच्या आईला मी ओळखायचो. पेणची बाई. रिक्षा किती वाजता?"

"साडेपाच."

"पाच पंचवीसला खाली असतो."

दुपारी ४.३०

इथं साडेचार, इस्रायलात दुपारचा एक. हिवाळ्यात साडेतीन तासांचं अंतर. तिकडं शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे मुलं या वेळेला घरी असतात, बाजारहाट करून आलेली. आपल्याकडं शब्बाथ आधी लागतो. जे आईवडील शब्बाथला फोनला हात लावत नाहीत, त्यांच्याशी बोलायचं तर मुलांना हीच वेळ. ती हुकली तर थेट शनिवारी रात्र.

खोपटच्या बहिणींकडं मी फोन धरत नाही. क्रमांक शोधायचा त्यांनी, हिरवं बटण दाबायचं त्यांनी. मी शेजारी बसून हात मागं बांधते. तिसऱ्या प्रयत्नात दिमोना लागलं. पडद्यावर भाची, मागं तिची मुलगी. मुलीला मराठी समजतं, बोलताना हिब्रू येते. मावशीआजी नेहमीप्रमाणे "जेवलीस का" वर अडल्या असत्या, पण आज भाचीनंच विचारलं: मलिद्याला पोहे जाडे की पातळ? तिकडच्या दुकानात दोन्ही मिळतात, आणि गेल्या वर्षी लगदा झाला.

धाकट्या मावशी खुर्चीत पुढं सरकल्या. "जाडे. आणि भिजवायचे नाहीत, धुवायचे. चाळणीत. पाणी निथळू दे, मग मीठ लावून झाकून ठेव. नारळ शेवटी." मुलगी फोनवर टिपून घेत होती. वीस मिनिटं फक्त पोहे. तब्येतीचा विषय निघाला नाही, "कधी येताय" निघालं नाही.

या फोनची तयारी मी आधी केली होती. भाचीला बुधवारी निरोप धाडला होता: नुसती खुशाली विचारू नका, काहीतरी अडलेलं विचारा. तिला खरोखरच अडलेलं होतं.

संध्याकाळी ५.२५

तीन रिक्षा ठरलेल्या. भाडं मी आधीच देऊन ठेवते, जायचंही आणि यायचंही, कारण सूर्यास्तानंतर काही जण पैशाला हात लावत नाहीत. यायचं त्यांच्यासाठी, ज्यांचं मन शब्बाथला वाहनात बसायला राजी आहे. बाकीचे चालत परततात. कोण कशात बसतं यावर कुणी कुणाला बोलत नाही. इतकी थोडी माणसं उरली की एकमेकांना बोलणं परवडत नाही.

रिक्षावाले नेहमीचे. पायरीशी रिक्षा कशी तिरकी लावायची, काठी आधी आत घ्यायची की माणूस, हे त्यांना सांगावं लागत नाही. टेंभी नाक्याची वाहतूक आज बरी आहे. खरी परीक्षा नवरात्रात. टेंभी नाक्याच्या देवीला सगळं ठाणं लोटतं, रस्ते बंद होतात, आणि तिश्री महिन्याचे सण बऱ्याच वर्षी नेमके त्याच दिवसांत येतात. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात, त्याला कोण काय करणार. तेव्हा आम्ही मागच्या गल्ल्यांतून चाकाच्या खुर्च्या ढकलत आणतो, आणि मंडळाची पोरं दोरी वर करून वाट देतात.

उथळसरचे अंकल खाली उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात जुनं प्रार्थनापुस्तक रुमालात बांधलेलं. घड्याळ बघून म्हणाले, "दोन मिनिटं लेट."

संध्याकाळी ६.३०

मी बायकांच्या बाजूला, डोक्यावर ओढणी घेऊन बसते. समोर हेखाल, म्हणजे पवित्र कपाट, त्यात सेफर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी; पुढं कायमचा तेवता दिवा. पुरुष एकेक करून आले. बोटानं माणसं मोजायची नाहीत अशी ज्यूंची रीत आहे. म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, एकेका माणसामागं एकेक शब्द. चरईच्या अंकलनी पुटपुटायला सुरुवात केली आणि नवव्या शब्दाला थांबले. बारावीतल्या मुलाचे वडील अजून आलेले नव्हते.

पाच मिनिटं गेली. कळव्याचे अंकल दाराकडं बघत होते. उथळसरचे अंकल उठले आणि जागेवरूनच शब्बाथच्या स्वागताचं गाणं धरलं, कुणाला न विचारता, खालच्या पट्टीत. आवाज थोडा फाटत होता, चाल पक्की होती. बाकीच्यांनी उचललं. तिसऱ्या कडव्याच्या सुमारास मुलाचे वडील धापा टाकत आत शिरले, लॅपटॉपची बॅग बाहेरच ठेवून.

कद्दीशच्या वेळी कळव्याचे अंकल उभे राहिले. शब्द अरामी भाषेतले, त्यांना पाठ आहेत. "आमेन" म्हणायला नऊ आवाज होते.

रात्री ७.४५

किद्दुश. आंटींची बाटली उघडली. छोट्या पेल्यांत शरबत, सगळ्यांना घोट घोट. "पातळ झालंय," असं थोरल्या आंटी स्वतःच जाहीर करतात, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणता येऊ नये.

पंखा फार जोरात फिरतो आहे. शब्बाथला बटणाला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याला सरळ सांगायचंही नाही. खोपटच्या थोरल्या बहिणी हवेत बघत म्हणतात, "काय गारठा पडलाय यंदा." मी उठून पंखा कमी करते. या कामाची माझ्या नेमणूक-पत्रात नोंद नाही, पण माझ्यावाचून ते होत नाही.

खंडाळ्याच्या बसचा वाद पुन्हा पेटला. शेवटी ठरलं की जे जाऊ शकतात ते जातील, आणि बाकीच्यांनी ठाण्यात मलिदा करून त्यांची वाट बघायची. पोह्यांचं माप खोपटच्या बहिणींकडं. जाडे.

रात्री ८.३०

उथळसरचे अंकल चालत निघाले. मी बरोबर. त्यांना सोबत हवी असं त्यांनी म्हटलं नाही. मी त्याच बाजूला राहते असं मी म्हटलं. काठी टेकत, थांबत थांबत.

"त्या मुलाचा आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "चाल मात्र मोबाइलवरची. आपली कोकणातली चाल अशी नाही. माझे वडील म्हणायचे ती वेगळी होती."

"तुम्ही शिकवाल त्याला?"

"तो शिकेल का, ते विचार."

"बारावी झाली की तोही जाणार आहे, अंकल. आई म्हणत होती."

"जाऊ दे की. तिकडं आपली माणसं थोडी आहेत? तिथं म्हणेल." दोन पायऱ्या चढून थांबले. "मंगळवारी पाचला पाठव. दुपारी झोपत नाही मी त्या दिवशी, गोळीही घेतो. आणि उशीर चालणार नाही, सांग त्याला."

मंगळवारी पाचला त्या मुलाचा फिजिक्सचा क्लास असतो. उद्या संध्याकाळी तीन तारे दिसले, शब्बाथ उतरला, की त्याच्या आईला फोन करून क्लासची बॅच बदलता येते का, ते विचारायचं. बॅच बदलणार नसेल, तर अंकलची वेळ सहाची करून घ्यायची. ते जास्त अवघड आहे.